मंत्रचळाचा कैदी : हॉवर्ड ह्यूज

अमेरिकी अब्जाधीश, चित्रपटनिर्माते आणि विक्रमवीर वैमानिक हॉवर्ड ह्यूज ५ एप्रिल १९७६ रोजी निवर्तले, तेव्हा त्यांचा अस्थिपंजर झालेला देह ओळखण्यासाठी बोटांचे ठसे तपासावे लागले.

१९०५ मध्ये टेक्सास राज्यात जन्मलेल्या ह्यूज यांच्या आईला रोगजंतूंची विलक्षण धास्ती होती. मुलाला पोलिओ होईल या भयाने ती त्याला सतत तपासत असे. विशीच्या आतच आई-वडिलांचे छत्र हरपले आणि तेलविहिरी खणण्याच्या अवजारांचा भरभराटीचा व्यवसाय त्यांच्या हाती आला. १९३८ मध्ये त्यांनी चार दिवसांहूनही कमी वेळात विमानाने पृथ्वीप्रदक्षिणा केली. १९४६ मधील विमान अपघाताने मात्र शरीर खिळखिळे झाले आणि वेदनाशामक कोडीनचे व्यसन जडले.

मराठीत ज्याला मंत्रचळ म्हणतात, त्या विकाराने त्यांना पुरते ग्रासले. फळांचा डबा कसा धुवावा आणि कसा उघडावा, याच्या पानोपानी सूचना ते सेवकांना देत. प्रत्येक वस्तू कागदी रुमालात धरूनच त्यांच्या हाती द्यावी लागे. जंतू बाहेरूनच येतात, अशी त्यांची समजूत होती. त्यामुळे स्वतःचे केस आणि नखे वाढली, स्नान टळले, तरी त्याची त्यांना क्षिती नव्हती.

या विकारात भयाचा विचार मनात घुसतो, विशिष्ट कृतीने तो क्षणभर शमतो आणि त्या दिलाशानेच कृतीची सवय घट्ट होते. सामान्य रुग्णाला घरचे कधीतरी अडवतात. ह्यूज यांच्या पदरी मात्र आज्ञा पाळणारेच होते. संपत्तीने त्यांच्या विकाराला सेवक पुरवले, उपचार नाही.

१९६६ मध्ये ते लास व्हेगासच्या हॉटेलात दाखल झाले आणि पुढील चार वर्षे पडदे ओढलेल्या खोलीतच राहिले. त्याच वर्षी लंडनमध्ये व्हिक्टर मेयर यांनी नवी उपचारपद्धती मांडली. भीतीला सामोरे जायचे, पण धुण्या-पुसण्याची कृती रोखायची, हे तिचे सूत्र. आज ती या विकारावरील प्रमुख उपचारांपैकी एक असून, जोडीला औषधेही उपलब्ध आहेत.

मृत्यूनंतर मानसशास्त्रज्ञ रेमंड फाउलर यांनी त्यांच्या आयुष्याचा अभ्यास करून या विकाराचे निदान केले. जगाला वेढा घालून आलेल्या या वैमानिकाला ते हयातीत मिळाले असते, तर कदाचित त्या खोलीचे दार उघडले असते.