ॲम्बलसाइडच्या मेसनबाई

इंग्लंडच्या उत्तरेस डोंगर आणि सरोवरे यांचा एक रमणीय प्रांत आहे. त्यातील ॲम्बलसाइड या लहानशा गावी, इ. स. १८९२ च्या जानेवारीत, नुकतीच पन्नाशी गाठलेल्या एका बाईंनी चार तरुण मुलींना घेऊन एक शिक्षणगृह उघडले. बाई अविवाहित होत्या. आईबाप त्यांच्या लहान वयातच वारले होते, प्रकृती नाजूक होती आणि गाठीला पैसा बेताचाच होता. असे असून घरच्या घरी मुलांना कसे शिकवावे हे त्यांनी पुढे हजारो आईबापांना शिकवले. त्यांचे नाव शार्लट मेसन. रविवारच्या शाळेचे काम करणाऱ्या आपल्या बंधुभगिनींना त्यांची ओळख उपयोगी पडेल असे वाटल्यावरून हे चरित्र लिहीत आहे.

मेसनबाईंचा जन्म १ जानेवारी १८४२ रोजी वेल्स प्रांतात बँगर गावाजवळ झाला. बालपण बहुतेक लिव्हरपूलकडे गेले आणि शिक्षण घरीच झाले. आपल्या घराविषयी बाई जन्मभर फारसे बोलल्या नाहीत. त्यांचे चरित्र लिहिणाऱ्या जुन्या लेखकांनी त्यांना एकुलती एक मुलगी म्हटले आहे. परंतु २०१५ साली मार्गारेट कूम्ब्स यांचे संशोधनपर चरित्र प्रसिद्ध झाले, त्यावरून दिसते की वडिलांना आधीच्या संसारातील बरीच मुले होती. असे असूनही ही मुलगी मात्र एकटीच वाढली. सोळा-सतराव्या वर्षी आईबापांचे छत्र गेले आणि पोटासाठी काहीतरी करणे भाग पडले. १८६० साली त्या लंडनच्या होम अँड कलोनियल संस्थेत शिक्षिकेचा अभ्यास करण्यास गेल्या. प्रकृती साथ देईना म्हणून दुसरे वर्ष पुरे होण्याआधीच त्यांनी वर्दिंग या समुद्रकाठच्या गावी एका शाळेत नोकरी धरली. तेथे त्या सुमारे बारा वर्षे होत्या.

त्या काळच्या शाळांची स्थिती समजल्याशिवाय पुढचा भाग ध्यानात येणार नाही. १८६२ पासून इंग्लंडात असा नियम झाला होता की सरकारी तपासनीस शाळेत येऊन प्रत्येक मुलाची वाचन, लेखन व हिशेब यांत परीक्षा घेई आणि जितकी मुले उतरतील त्या मानाने शाळेला पैसे मिळत. साहजिकच शिक्षक तेवढेच घोटून घेत. एकच क्रमिक पुस्तक वर्षभर वाचून मुलांना ते इतके पाठ होई की पुस्तक उलटे धरले तरी ती न अडखळता म्हणून दाखवीत, असे वर्णन त्या काळाविषयी वाचण्यात येते. गरिबाच्या मुलाला एवढे पुरे, अशी एकंदर समजूत होती. मेसनबाई याच व्यवस्थेत शिकवीत होत्या. चांगली मुले आणि चांगल्या शिक्षिका असूनही वर्गात काहीतरी जिवंत असे घडत नाही, ही टोचणी त्यांना तेव्हापासून लागली.

पुढे १८७४ पासून चार वर्षे त्या चिचेस्टरच्या बिशप ऑटर महाविद्यालयात होणाऱ्या शिक्षिकांना शिकवीत होत्या. तेही प्रकृतीमुळे सोडावे लागले. मग ब्रॅडफर्ड या गिरण्यांच्या शहरात एका मैत्रिणीच्या शाळेत त्या राहिल्या आणि मुलांसाठी भूगोलाची वाचनीय पुस्तके लिहू लागल्या. येथेच त्यांच्या आयुष्याला वळण लागले आणि त्याला निमित्त झाले मंडळीची वर्गणी! मॅनिंगहॅम येथील सेंट मार्क्स मंडळीला एक खोली बांधावयाची होती. बाईंपाशी देण्याजोगे काही नव्हते. तेव्हा मुलांच्या संगोपनाविषयी व्याख्याने देईन, जमेल ते उत्पन्न इमारतीला घ्यावे, असे त्यांनी सुचविले. १८८५-८६ च्या हिवाळ्यात व्याख्याने झाली आणि १८८६ साली ती ‘होम एज्युकेशन’ या नावाने पुस्तकरूपाने निघाली. त्या खोलीची आज कोणाला आठवण असेल असे वाटत नाही, पण पुस्तक अजून वाचले जाते.

व्याख्याने ऐकणाऱ्या आयांनी व बापांनी १८८७ साली ब्रॅडफर्डमध्ये एक संघ काढला. तोच पुढे देशभर पसरला व पेरेंट्स नॅशनल एज्युकेशनल युनियन या नावाने ओळखला जाऊ लागला. बाईंना पाठिंबा देणाऱ्यांत चेल्टनहॅमच्या मिस डोरोथिया बील होत्या. हे नाव आपल्या वाचकांना पंडिता रमाबाईंच्या चरित्रातून ठाऊक असेल. रमाबाई १८८४ ते १८८६ या काळात त्यांच्याच महाविद्यालयात होत्या. रमाबाईंची आणि मेसनबाईंची भेट झाल्याचे कोठे वाचण्यात नाही. परंतु रमाबाईंचे शिक्षणही शाळेत झाले नव्हते. त्यांच्या आईने त्यांना रानात, पहाटेच्या वेळी, मोठमोठे ग्रंथ मुखाने शिकवले होते. मेसनबाईंना ही गोष्ट कळली असती तर त्यांना मुळीच नवल वाटले नसते.

संघाचे ‘पेरेंट्स रिव्ह्यू’ नावाचे मासिक १८९० साली निघाले आणि १८९१ पासून पोस्टाने चालणारी एक शाळा सुरू झाली. त्या काळी इंग्लंडात सुस्थितीतील घरांतल्या मुली आणि लहान मुलगे घरीच शिकत. शिकविणारी आई तरी असे किंवा घरी राहणारी गव्हर्नेस तरी असे, आणि बिचारी गव्हर्नेस बहुधा स्वतःच अर्धशिक्षित. अशा घरांना ॲम्बलसाइडहून दर सत्राला अभ्यासक्रम जाई. कोणते पुस्तक, कोणत्या पानापासून कोणत्या पानापर्यंत वाचावे, कोणत्या चित्रकाराची चित्रे पाहावी, रानात काय शोधावे, हे सर्व त्यात असे. सत्र संपले की प्रश्नपत्रिका येई. लहान मूल उत्तरे तोंडी सांगे, आई ती जशीच्या तशी उतरून घेई आणि कागद परत ॲम्बलसाइडला तपासणीसाठी जात. इंग्लंडाबाहेर, आपल्या हिंदुस्थानासारख्या दूर देशी राहणारी इंग्रज कुटुंबेही अशा रीतीने शिकत. ज्या शिक्षणगृहाचा उल्लेख आरंभी केला ते अशा घरांना चांगल्या गव्हर्नेस मिळाव्यात म्हणूनच निघाले होते. १८९४ साली ते स्केल हाउ नावाच्या मोठ्या घरात गेले व बाई अखेरपर्यंत तेथेच राहिल्या.

आता त्यांची रीत. तिचा पाया म्हणजे मूल हे जन्मतःच पूर्ण व्यक्ती आहे. ते रिकामे मडके नव्हे, की आपण वर्षानुवर्षे थोडे थोडे भरीत जावे. शरीराला जशी अन्नाची, तशी त्याच्या मनाला विचारांची भूक असते आणि हे अन्न थोरामोठ्यांच्या ग्रंथांत असते. म्हणून मुलांसाठी पाणी घालून पातळ केलेली पुस्तके बाईंना मुळीच खपत नसत. लहान वयापासून प्लूटार्कची चरित्रे, शेक्सपिअर, आणि आपल्याकडे यात्रिकक्रमण म्हणून जे प्रसिद्ध आहे ते बन्यनचे पुस्तक त्यांच्या अभ्यासक्रमात असे. उतारा एकदाच वाचावयाचा. मग पुस्तक मिटावयाचे आणि मुलाने ऐकलेले आपल्या शब्दांत सांगावयाचे. मध्ये प्रश्न विचारावयाचे नाहीत, चूक काढावयाची नाही. दुसऱ्यांदा वाचून मिळणार नाही हे कळले की मूल कान देऊन ऐकते. लहानांचे धडे पंधरा-वीस मिनिटांचे, तेही सकाळीच, दुपार मोकळी. सहा वर्षांपर्यंत रीतसर धडेच नाहीत, त्या वयात मुलाने शक्य तितका वेळ उघड्यावर, गवतात, झाडांखाली काढावा. प्रत्येकाची एक निसर्गवही असे, तीत आज कोणता पक्षी दिसला, कोणते फूल उमलले, हे रंगांनी काढून तारीख घालावयाची. गुण, बक्षिसे, पहिला-दुसरा नंबर यांना थारा नव्हता, कारण त्यामुळे मुलाची ज्ञानाची भूक मरून नुसती बक्षिसाची भूक राहते.

येथे एक गमतीची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. बेडन पॉवेल यांनी १८९९ साली सैनिकांसाठी टेहळणीवर एक पुस्तक लिहिले होते. मेसनबाईंनी ते निरीक्षण शिकविण्यासाठी आपल्या विद्यार्थिनींच्या हाती दिले. त्यांपैकी एक ॲलनबी या सेनाधिकाऱ्याच्या घरी गव्हर्नेस होती. एके दिवशी साहेब घोड्यावरून घरी येत असता झाडावरून आवाज आला की तुम्हांला मी टिपले! पाहतात तो स्वतःचा मुलगा फांदीवर, आणि त्याहून वर त्याची शिक्षिका! हे पुस्तक मुलांच्याही उपयोगाचे आहे हे बेडन पॉवेल यांना या गोष्टीवरून कळले, असे ते पुढे सांगत. ॲलनबी म्हणजे १९१७ साली यरुशलेमेत प्रवेश करणारे तेच सेनापती.

बाईंच्या शिक्षणविचाराचे मूळ शुभवर्तमानात होते. लहानांना अडखळण होऊ नये, त्यांना तुच्छ लेखू नये आणि त्यांना आपल्याकडे येण्यास अडवू नये, या प्रभूच्या तीन आज्ञा म्हणजेच शिक्षणाचा कायदा, असे त्या मानीत. मुलाला तुच्छ लेखणे म्हणजे त्याला मारणेच असे नाही. त्याला हे समजणार नाही, असे धरून चालणे हेही तुच्छ लेखणेच. आणि अडवणे म्हणजे देव आणि मूल यांच्यामध्ये आपल्या कंटाळवाण्या बोलण्याची भिंत उभी करणे. पवित्र शास्त्राचा उतारा सुंदर रीतीने वाचावा, मुलांकडून सांगून घ्यावा आणि शिक्षकाने बाजूला व्हावे, असा त्यांचा परिपाठ होता. हे वाचले तेव्हा मी मनात खजील झालो. गोष्ट संपते न संपते तोच यावरून काय बोध घ्याल, असे विचारण्याची आम्हा रविवारच्या शाळेच्या शिक्षकांना फार सवय. एका रविवारी वादळाचा वृत्तांत मार्काच्या पुस्तकातून नुसता वाचला आणि मुलांना सांगायला लावले. कधी तोंड न उघडणारा एक मुलगा उठला आणि प्रभूच्या डोक्याखाली उशी होती हे त्याने सांगितले. इतकी वर्षे तो भाग शिकवून ती उशी माझ्या ध्यानात आली नव्हती.

ॲम्बलसाइडचे काम सुरू झाल्यावर थोड्याच काळाने बाई इटलीत फ्लॉरेन्सला गेल्या होत्या. तेथील एका जुन्या मठाच्या प्रार्थनामंदिरात चौदाव्या शतकातील एक भव्य भित्तिचित्र आहे. वरून पवित्र आत्मा उतरतो आहे, आणि खाली व्याकरण, भूमिती, संगीत, गणित अशा विद्या स्त्रीरूपाने बसल्या आहेत. त्यांच्या पायांशी युक्लिड, पायथागोरस असे त्या त्या विद्येचे आचार्य. यांतील कित्येकांनी ख्रिस्ताचे नावही ऐकलेले नव्हते. ते पाहून बाईंचा विश्वास दृढ झाला की गणित असो की गीत, मुलाला शिकविणारा खरा गुरू पवित्र आत्माच आहे, आणि रविवारचे ज्ञान वेगळे व सोमवारचे वेगळे असा भेद नाही. काही लोकांना हे फार धाडसाचे वाटे. मला तर असे वाटते की आपल्या मंडळ्यांतही पुष्कळांना ते आज तसेच वाटेल.

एवढे सारे असले तरी एक उणीव होती व ती झाकण्यात अर्थ नाही. संघ सर्वांसाठी निघाला खरा, पण प्रत्यक्षात लाभ घेत ती गव्हर्नेस ठेवण्याची ऐपत असलेली घरे. वर्दिंगच्या गरीब मुलांपासून ज्या कामाची सुरुवात झाली ते बंगल्यांतच अडकून पडते की काय असे झाले होते. गिरणी-खाणीतल्या मजुराच्या मुलाचे मनही याच अन्नावर वाढेल, हे बाई म्हणत होत्या. पण दाखवून कोणी दिले नव्हते. ते झाले १९१४ साली. ब्रॅडफर्डच्या आरंभापासून बाईंच्या सोबतीण असलेल्या श्रीमती स्टाइनथाल यांनी यॉर्कशायरमधील ड्रिगलिंग्टन या खाणीच्या गावातील सरकारी शाळेच्या मुख्याध्यापिकेचे मन वळवले. बंगल्यातल्या मुलांच्या हाती असत तीच पुस्तके खाणकामगारांच्या मुलांच्या हाती आली, आणि ज्यांच्या घरी पुस्तक म्हणून नव्हते ती मुले प्लूटार्कमधील वीरांची चरित्रे न अडखळता, भरभरून सांगू लागली. बाई तेव्हा बहात्तर वर्षांच्या होत्या. महायुद्ध चालू असतानाच ग्लॉस्टरशायर परगण्याचे शिक्षणाधिकारी हाउसहोल्ड यांच्या हाती बाईंचे लिखाण पडले आणि त्यांनी आपल्या परगण्यातील शाळांतून ही पद्धत नेटाने नेली. सर्वांसाठी उदार शिक्षण, हा मग बाईंच्या अखेरच्या वर्षांचा ध्यास झाला.

हे सर्व त्यांनी केले ते बहुतांशी कोचावर पडून. हृदयविकारामुळे त्यांना दिवसाचा बराच भाग विश्रांती घ्यावी लागे. मोजके तास काम आणि रोज घोडागाडीतून एक फेरी, तीही पक्षी व फुले पाहण्यासाठी, असा त्यांचा क्रम असे. १६ जानेवारी १९२३ रोजी, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, त्या ॲम्बलसाइड येथेच प्रभूमध्ये निजल्या. गावातील सेंट मेरीज मंदिराच्या आवारात त्यांची कबर आहे. त्यांचे सहावे व शेवटचे शिक्षणविषयक पुस्तक त्यांच्यानंतर बाहेर आले.

पुढे त्यांचे नाव मागे पडले. १९८४ साली सुझन शेफर मकॉले या ख्रिस्ती लेखिकेने, आपल्या मुली अशाच एका लहान शाळेत शिकत असताना जे पाहिले त्यावरून एक पुस्तक लिहिले. तेव्हापासून, विशेषतः अमेरिकेत, घरी मुलांना शिकविणाऱ्या आया मेसनबाईंची पुस्तके पुन्हा उघडू लागल्या. त्यांचे शिक्षणगृह होते ती जागा आता कंब्रिया विद्यापीठाकडे आहे. कागदपत्रे गावातील आर्मिट संग्रहालयात जपून ठेवलेली आहेत. त्यांत विद्यार्थिनींच्या निसर्गवह्या आहेत, तारखांसह.