बेसी कोलमन : सलूनमधून विमानात

करिअर बदलायचं म्हटलं की घरचे आधी वय विचारतात, मग खर्च. आमच्या वर्गात तर हा विषय रोजच निघतो. तेव्हा मला बेसी कोलमन आठवते.

तिचा जन्म 26 जानेवारी 1892 चा, अमेरिकेतल्या टेक्सासमधला. कृष्णवर्णीय कुटुंब, 13 भावंडांत ती दहावी. वडील 1901 मध्ये घर सोडून गेले. पुढे कापूस वेचणं, लोकांचे कपडे धुणं यातच दिवस जात. कॉलेजात गेली खरी, पण एका सत्रातच पैसे संपले.

1915 मध्ये ती शिकागोला आली आणि एका सलूनमध्ये गिऱ्हाइकांची नखं कापू-घासू लागली. पहिल्या महायुद्धावरून परतलेला भाऊ जॉन तिला चिडवायचा, की फ्रान्समध्ये बायकासुद्धा विमान चालवतात, तुला ते कुठलं जमायला! बेसीनं ते मनावर घेतलं.

पण तिला शिकवणार कोण? ती कृष्णवर्णीय, त्यात बाई. अमेरिकेतली एकही शाळा तिला घेईना. ‘शिकागो डिफेंडर’चे रॉबर्ट अ‍ॅबट यांनी फ्रान्सला जायचा सल्ला दिला. मग बाई आधी फ्रेंच शिकल्या! नोव्हेंबर 1920 मध्ये ती बोटीत बसली. ले क्रोतुआ इथल्या कोद्रों बंधूंच्या शाळेत शिकून 15 जून 1921 ला तिनं आंतरराष्ट्रीय परवाना मिळवला. तेव्हा ती 29 वर्षांची होती.

मायदेशी पोटासाठी कसरतींचे प्रयोग करावे लागले. 1923 मध्ये विमान कोसळून पाय मोडला, तरी ती पुन्हा उडाली. टेक्सासमधल्या एका प्रयोगाला गोऱ्यांचं आणि काळ्यांचं प्रवेशद्वार वेगळं होतं. दार एकच ठेवा, नाहीतर मी उडणार नाही, असं तिनं बजावलं. दार एक झालं. आत बसायच्या जागा मात्र वेगळ्याच राहिल्या.

प्रयोगांतून पैसे साठवून तिला स्वतःची वैमानिक शाळा काढायची होती. आपल्या मुलामुलींना समुद्रापार जावं लागू नये, एवढीच इच्छा. ती राहून गेली. 30 एप्रिल 1926 ला जॅक्सनव्हिलमध्ये सरावाच्या वेळी मेकॅनिक विल्यम विल्स विमान चालवत होता. खालची जागा वाकून नीट पाहता यावी म्हणून बेसीनं पट्टा बांधला नव्हता. यंत्रणेत पाना अडकला, विमान उलटलं. दोघंही गेले. ती अवघी 34 वर्षांची होती.

1929 मध्ये विल्यम पॉवेल यांनी लॉस एंजेलिसमध्ये तिच्या नावानं एरो क्लब काढला आणि कृष्णवर्णीय मुलं तिथं उडायला शिकू लागली. बेसीला कुणालाच शिकवायला मिळालं नाही, पण मला तरी ती शिक्षिकाच वाटते.