रखमाबाई राऊत

डॉ. रखमाबाई राऊत (२२ नोव्हेंबर, १८६४ – २५ सप्टेंबर, १९५५) या भारतात प्रत्यक्ष वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्या आद्य महिला डॉक्टरांपैकी एक होत्या. बालपणी झालेला विवाह मान्य करण्यास त्यांनी नकार दिला. त्यावरून चाललेल्या खटल्यामुळे मुलीचे वय, तिची शारीरिक वाढ आणि तिची संमती हे प्रश्न सार्वजनिक चर्चेत आले.

बालपण व विवाह

रखमाबाईंचा जन्म मुंबईत सुतार समाजात झाला. त्यांच्या आई जयंतीबाई पंधराव्या वर्षी माता आणि सतराव्या वर्षी विधवा झाल्या. पुढे त्यांनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. रखमाबाईंचा विवाह अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी झाला. काही महिन्यांतच त्यांना ऋतुप्राप्ती झाली. रूढीप्रमाणे लगेच गर्भाधान विधी व्हावयाचा होता. परंतु सखाराम अर्जुन यांनी वैद्य या नात्याने त्यास संमती दिली नाही. पाळी सुरू झाल्यानंतरही मुलीच्या कटिराची हाडे काही वर्षे वाढत असतात. त्यामुळे कोवळ्या वयातील बाळंतपण आई व मूल दोघांनाही धोक्याचे ठरते. विवाहानंतर रखमाबाईंची शाळा सुटली, तरी त्यांनी घरीच अध्ययन चालू ठेवले.

खटला

१८८४ मध्ये दादाजींनी पत्नीने नांदावयास यावे यासाठी मुंबई उच्च न्यायालयात दावा दाखल केला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. अपिलानंतर प्रकरण पुन्हा चालले आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी पतीकडे जावे अथवा सहा महिने कारावास भोगावा, असा आदेश दिला. रखमाबाईंनी कारावास पत्करण्याची तयारी दर्शविली. लोकमान्य टिळकांच्या 'केसरी'ने त्यांना विरोध केला, तर बेहरामजी मलबारी आदी सुधारकांनी पाठिंबा दिला. १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. या खटल्यातून उठलेल्या वादाने १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यास चालना दिली. या कायद्याने मुलींचे संमतिवय १० वरून १२ वर्षे केले.

वैद्यकीय कार्य

मुंबईच्या कामा रुग्णालयातील डॉ. एडिथ पीची यांच्या प्रोत्साहनाने रखमाबाई १८८९ मध्ये इंग्लंडला गेल्या. लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेन येथे शिक्षण घेऊन १८९४ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. मायदेशी परतल्यावर त्यांनी प्रथम सुरत व नंतर राजकोट येथील स्त्रियांच्या रुग्णालयांत सुमारे ३५ वर्षे सेवा केली. पुरुष डॉक्टरकडून तपासून घेण्यास संकोचणाऱ्या स्त्रियांना त्यामुळे उपचार मिळू लागले.

वारसा

आज भारतात मुलीच्या विवाहाचे किमान कायदेशीर वय १८ वर्षे आहे. २०१४ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम १० ते १९ वर्षे वयोगटासाठी आहे. रक्तक्षय, पोषण व मासिक पाळीविषयी तपासणी आणि समुपदेशन यांचा त्यात समावेश होतो. तरीही बीडसारख्या जिल्ह्यांत, विशेषतः ऊसतोड कामगारांच्या कुटुंबांत, मुलींचे विवाह कायदेशीर वयापूर्वी होताना आढळतात. त्यामुळे रखमाबाईंनी उपस्थित केलेला प्रश्न आजही सुटलेला नाही.