सासूने अडवलेली पत्रं आणि सॅनेटोरियममध्ये एकटे पडलेले रामानुजन

श्रीनिवास रामानुजन म्हटलं की १७२९ हा टॅक्सीचा नंबर आठवतो. तो किस्सा घडला तेव्हा रामानुजन आजारी होते, हेही अनेकांना माहीत असतं. पण त्या आजारपणात घरच्या पत्रांचं काय झालं, हे फारसं कुणी सांगत नाही.

मार्च १९१४ मध्ये रामानुजन मद्रासहून केंब्रिजला निघाले. पत्नी जानकी तेव्हा जेमतेम पंधरा वर्षांच्या. त्या कुंभकोणमला सासूबाई कोमलताम्मल यांच्याकडे राहिल्या.

सुरुवातीला रामानुजन यांची पत्रं नियमित यायची. १९१७ मध्ये ते आजारी पडले. डॉक्टरांना टीबीचा संशय आला. तेव्हा टीबीवर औषधच नव्हतं. मोकळी हवा, विश्रांती आणि चांगलं खाणं, एवढेच उपचार. त्यासाठी त्यांना मॅटलॉकसारख्या सॅनेटोरियममध्ये ठेवलं गेलं. कडाक्याची थंडी, त्यात पक्के शाकाहारी आणि बाहेर महायुद्ध. बाथरूम तेवढं उबदार, म्हणून गणितं करायला तिथे जाऊन बसावं, असा बेत त्यांनी प्रोफेसर हार्डींना कळवला होता.

इकडे सासू-सुनेचं पटत नव्हतं. जानकींची पत्रं नवऱ्यापर्यंत जायची नाहीत, त्याची पत्रं जानकींच्या हाती पडायची नाहीत. कोमलताम्मल ती मध्येच अडवायच्या, असं जानकींनी पुढे सांगितलं. रामानुजन यांचंही घरी लिहिणं जवळपास थांबलं.

१९१८ च्या सुरुवातीला त्यांनी लंडनमध्ये भुयारी रेल्वेसमोर उडी मारली. गाडी वेळेत थांबली म्हणून ते वाचले. याला कारण एकच नसणार. पण तेव्हा घरचा आधार तुटलेला होता, हेही खरं. त्याच वर्षी ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

दरम्यान जानकी कराचीला भावाकडे गेल्या होत्या. भावाच्या लग्नासाठी साडी आणि पैसे हवेत, असं पत्र त्यांनी तिथून लिहिलं. हे पत्र मात्र पोहोचलं आणि रामानुजन यांनी पैसे पाठवले.

२७ मार्च १९१९ ला रामानुजन मुंबई बंदरात उतरले. आई आणि भाऊ घ्यायला आले होते. त्यांनी आधी विचारलं ते जानकींबद्दल. मग त्यांना बोलावून घेतलं गेलं. शेवटचं वर्षभर जानकींनीच त्यांची सेवा केली. २६ एप्रिल १९२० ला, वयाच्या ३२ व्या वर्षी रामानुजन गेले.

१९९४ मध्ये एका ब्रिटिश डॉक्टरने जुन्या नोंदी तपासून मत मांडलं, की तो टीबी नसून यकृताचा अमीबियासिस असावा. त्यावर तेव्हाही उपचार होते.

पुढे जानकी काही वर्षं मुंबईत भावाकडे राहिल्या, शिवणकाम शिकल्या. मद्रासला परतून त्यातून त्यांनी कमाई केली. १९९४ मध्येच त्यांचं निधन झालं.