ख्रिसमस ट्री घरोघरी पोहोचवणारा राजपुत्र

नाताळ म्हटला की दिव्यांनी, चांदण्यांनी आणि भेटवस्तूंनी सजलेला ख्रिसमस ट्री डोळ्यांसमोर उभा राहतो. ही प्रथा मूळची जर्मन भाषक प्रदेशातील. २४ डिसेंबर हा तेथे आदम आणि इव्ह यांचा स्मरणदिन. त्या निमित्ताने होणाऱ्या धार्मिक नाट्यात सफरचंदे लावलेले झाड ईडनच्या बागेचे प्रतीक म्हणून उभे केले जाई. या प्रथेचे एक मूळ तेथे असावे, असे मानले जाते. स्ट्रासबर्गमधील लोक फरचे झाड घरात आणून त्यावर कागदी गुलाब, सफरचंदे व मिठाई टांगत असल्याची नोंद १६०५ सालची आहे. हे झाड इंग्रजी भाषकांच्या घराघरांत पोहोचले, त्याचे मोठे श्रेय मात्र इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाच्या पतीला, प्रिन्स अल्बर्टला जाते.

अल्बर्टचा जन्म २६ ऑगस्ट १८१९ रोजी जर्मनीतील कोबर्गजवळच्या रोझेनाऊ येथे झाला. तो पाच वर्षांचा असताना आई-वडील विभक्त झाले. आईला संस्थान सोडावे लागले आणि मुलांची व तिची पुन्हा भेट झाली नाही. १८३१ मध्ये पॅरिस येथे तिचे निधन झाले. थोरला भाऊ अर्न्स्ट हाच अल्बर्टचा सोबती. या दोन भावांच्या उदास बालपणात नाताळचे झाड हा आनंदाचा ठेवा होता.

बॉन विद्यापीठात शिक्षण घेतल्यावर १० फेब्रुवारी १८४० रोजी त्याचा विवाह आतेबहीण-मामेभावाच्या नात्यातील व्हिक्टोरियाशी झाला. इंग्लंडने या परक्या जावयाचे स्वागत थंडपणेच केले. त्याच्यासाठी सुचवलेला पन्नास हजार पौंडांचा वार्षिक तनखा संसदेने तीस हजारांवर आणला. राज्यकारभारात त्याला आरंभी स्थान नव्हते आणि प्रिन्स कॉन्सॉर्ट हा किताब मिळण्यास १८५७ साल उजाडावे लागले.

इंग्लंडच्या राजघराण्याला सजवलेले झाड अपरिचित नव्हते. तिसऱ्या जॉर्जची जर्मन पत्नी राणी शार्लट हिने १८०० मध्येच विंडसर येथे असे झाड उभारले होते. व्हिक्टोरियाही बालपणापासून ते पाहत आली होती. परंतु ही हौस दरबार आणि काही उच्चभ्रू घरांपुरतीच राहिली. अल्बर्टने विंडसरच्या नाताळात झाडाला मानाचे स्थान दिले. भावासोबत अनुभवलेला आनंद आता आपल्या मुलांमध्ये शोधावा, अशी भावना त्याने १८४७ मध्ये व्यक्त केली होती.

डिसेंबर १८४८ मध्ये 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज' या साप्ताहिकाने झाडाभोवती जमलेल्या राजकुटुंबाचे चित्र छापले आणि मध्यमवर्गीय घरांनी ही पद्धत उचलली. १८५० मध्ये अमेरिकेतील 'गोडीज लेडीज बुक' या मासिकाने तेच चित्र राणीचा मुकुट व अल्बर्टच्या मिशा वगळून प्रसिद्ध केले. राजघराणे अशा रीतीने साधे अमेरिकी कुटुंब बनले आणि झाड अटलांटिकपलीकडे लोकप्रिय झाले.

अल्बर्टचे कर्तृत्व एवढ्यावर थांबत नाही. १८४७ पासून केंब्रिज विद्यापीठाचा कुलपती म्हणून त्याने आधुनिक विषयांच्या शिक्षणाला चालना दिली. लंडनमधील १८५१ च्या भव्य औद्योगिक प्रदर्शनामागे त्याचीच जिद्द होती. सुमारे साठ लाख भेटींची नोंद झालेल्या या प्रदर्शनाच्या नफ्यातून साउथ केन्सिंग्टन येथे संग्रहालये व शिक्षणसंस्था उभ्या राहिल्या.

१८६१ च्या अखेरीस ट्रेंट जहाजाच्या प्रकरणावरून ब्रिटन व अमेरिका युद्धाच्या उंबरठ्यावर आले. आजारी अल्बर्टने खलित्यातील कठोर भाषा सौम्य करून अमेरिकेला सन्मानाने माघार घेण्याची वाट मोकळी ठेवली. युद्ध टळले, पण ते पाहण्यास तो उरला नाही. १४ डिसेंबर १८६१ रोजी, नाताळ अकरा दिवसांवर आला असताना, वयाच्या ४२ व्या वर्षी विंडसर येथे त्याचे निधन झाले. व्हिक्टोरियाने पुढील चाळीस वर्षे शोकाची काळी वस्त्रे उतरवली नाहीत.

मुंबईतही त्याची स्मृती आहे. भायखळ्याच्या राणीच्या बागेतील संग्रहालय १८७२ मध्ये व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट यांच्या नावाने खुले झाले. १९७५ मध्ये त्याला डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव देण्यात आले. ज्या देशाने अल्बर्टला अखेरपर्यंत काहीसे परकेच मानले, त्याच देशाने त्याच्या बालपणीचे झाड आपल्या सणाचे अविभाज्य अंग म्हणून स्वीकारले. हेच त्याचे सर्वांत चिरंतन स्मारक होय.