वादळाची चाहूल घेणारा दर्यावर्दी

जुन्या शास्त्रीय उपकरणांच्या संग्राहकांमध्ये ‘फिट्झरॉय बॅरोमीटर’ हे नाव सुपरिचित आहे. उंच लाकडी चौकट, त्यात पाऱ्याची नळी, शेजारी तापमापक, काहींत कापराच्या द्रावणाची कुपी आणि मागे हवामानाचे नियम छापलेला कागद, असे त्याचे रूप. यातील बहुतेक उपकरणे मात्र ज्यांचे नाव त्यांना लाभले, त्या रॉबर्ट फिट्झरॉय यांच्या मृत्यूनंतर तयार झाली.

फिट्झरॉय यांचा जन्म ५ जुलै १८०५ रोजी इंग्लंडमधील सफोक परगण्यात, एका उमराव घराण्यात झाला. कोवळ्या वयातच ते आरमारी विद्यालयात दाखल झाले आणि अवघ्या तेविसाव्या वर्षी ‘बीगल’ या जहाजाचे कप्तान झाले. जानेवारी १८२९ मध्ये दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ या जहाजाला वादळाने गाठले. बॅरोमीटरमधील पारा उतरून इशारा देत होता, परंतु त्याची दखल वेळेत घेतली गेली नाही. दोन खलाशी बुडाले. ही बोच फिट्झरॉय यांना आयुष्यभर राहिली.

याच जहाजाच्या १८३१ ते १८३६ या दुसऱ्या सफरीत तरुण चार्ल्स डार्विन त्यांचे सहप्रवासी होते. पुढे न्यूझीलंडचे गव्हर्नरपद सांभाळून परतलेल्या फिट्झरॉय यांच्याकडे १८५४ मध्ये ब्रिटिश सरकारच्या नव्या हवामान खात्याची सूत्रे आली. जहाजांना उपकरणे देऊन नोंदी जमविणे, एवढेच त्यांचे काम होते. त्यांना मात्र या नोंदींतून माणसे वाचवायची होती. गरीब मच्छीमार बंदरांवर त्यांनी बॅरोमीटर बसविले. उपकरणावर कोरलेल्या ‘पाऊस’ किंवा ‘निरभ्र’ अशा शब्दांपेक्षा पारा चढतो की उतरतो, हे पाहावे, अशी त्यांची शिकवण होती.

ऑक्टोबर १८५९ मध्ये वेल्सच्या किनाऱ्यावर ‘रॉयल चार्टर’ हे जहाज वादळात फुटून सुमारे ४५० जणांचा बळी गेला. त्यानंतर तारायंत्राने किनाऱ्यावरील निरीक्षणे गोळा करून बंदरांना इशारे देण्याची व्यवस्था फिट्झरॉय यांनी उभारली. फेब्रुवारी १८६१ मध्ये पहिला वादळी इशारा निघाला, तर १ ऑगस्ट १८६१ रोजी ‘द टाइम्स’मध्ये हवामानाचा पहिला दैनिक अंदाज छापून आला.

अंदाज चुकले की वृत्तपत्रे त्यांची थट्टा करीत. शास्त्रज्ञांना त्यांच्या पद्धतीला सिद्धान्ताचा आधार दिसत नव्हता. खासगी संपत्ती सार्वजनिक कामात आधीच संपली होती. प्रकृती ढासळली, श्रवणशक्तीही मंदावली. अखेर ३० एप्रिल १८६५ रोजी त्यांनी आपले जीवन संपविले. कुटुंबासाठी मित्रांना निधी उभारावा लागला.

पुढच्याच वर्षी तज्ज्ञांच्या समितीने प्रतिकूल अहवाल दिला. अंदाज आणि इशारे दोन्ही थांबले. दर्यावर्दींना मात्र इशाऱ्यांची उणीव भासू लागली. १८६७ मध्ये ते पुन्हा सुरू करावे लागले आणि १८७९ मध्ये वृत्तपत्रांतील अंदाजही परतले. दिवाणखान्यांसाठी स्वस्त लाकडी बॅरोमीटर बनविणाऱ्या कारागिरांनीही आता फिट्झरॉय यांच्याच नावाचा आधार घेतला.

२००२ मध्ये ब्रिटनच्या सागरी हवामानवृत्तातील ‘फिनिस्टेर’ या सागरी विभागाला ‘फिट्झरॉय’ हे नाव देण्यात आले. संग्राहकांच्या भिंतीवरील त्या चौकटींपेक्षा हे स्मारक त्यांच्या कार्याला अधिक शोभणारे आहे.