विश्लेषण : दोन कोटी ९२ लाख डॉलरचा दंड ठोठावणारे न्यायाधीश लँडिस कोण होते?

अमेरिकेत केनेसॉ माउंटन लँडिस हे नाव आज बेसबॉलमुळे ओळखले जाते. मात्र त्याआधी १७ वर्षे ते शिकागोत संघराज्य जिल्हा न्यायाधीश होते.

न्यायाधीशपदी कसे आले?

लँडिस यांचा जन्म १८६६चा, ओहायो राज्यातला. वडील यादवी युद्धात केनेसॉ डोंगराजवळ जखमी झाले होते. त्यावरून मुलाचे नाव पडले. शालेय शिक्षण अर्धवट राहिले, तरी १८९१मध्ये त्यांनी कायद्याची पदवी मिळवली. १९०५मध्ये अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी त्यांना नेमले.

गाजलेले खटले कोणते?

रेल्वेकडून बेकायदा भाडेसवलत घेतल्याबद्दल १९०७मध्ये त्यांनी इंडियानाच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीला दंड केला. गुन्हे १,४६२, प्रत्येकी कमाल २० हजार डॉलर. लँडिस रातोरात लोकनायक झाले. पण पुढल्याच वर्षी अपील न्यायालयाने हा दंड रद्द केला.

पहिल्या महायुद्धात त्यांची कठोरता युद्धविरोधकांकडे वळली. १९१८मध्ये ‘इंडस्ट्रियल वर्कर्स ऑफ द वर्ल्ड’ या कामगार संघटनेचे नेते बिल हेवूड यांना त्यांनी २० वर्षांची शिक्षा दिली. समाजवादी नेते व्हिक्टर बर्जर यांनाही तेवढीच. जर्मन वंशाच्या आरोपींबद्दल लँडिस यांचा पूर्वग्रह असल्याची तक्रार झाल्यावर त्यांनी बाजूला व्हायला हवे होते, असे ठरवून सर्वोच्च न्यायालयाने १९२१मध्ये बर्जर यांची शिक्षा रद्द केली.

बेसबॉलशी संबंध कसा?

१९१५मध्ये बेसबॉलच्या मक्तेदारीविरुद्धचा दावा त्यांच्यासमोर आला. त्यांनी निकाल लांबवला आणि वर्षअखेरीस तडजोड झाली. १९१९च्या अंतिम मालिकेतील सामनेनिश्चितीने खेळाची अब्रू गेली, तेव्हा संघमालकांनी त्यांनाच आयुक्त केले. न्यायाधीशपद न सोडता त्यांनी हे पगारी काम स्वीकारले. त्यावर वकील संघटनेने निषेध केला, महाभियोगाची मागणीही झाली. १९२२मध्ये त्यांनी न्यायालय सोडले.

मागे काय उरले?

ज्युरीने खेळाडूंना निर्दोष सोडल्याच्या दुसऱ्याच दिवशी लँडिस यांनी आठ जणांना बेसबॉलमधून कायमचे बाद केले. न्यायालयातील त्यांचे काही मोठे निकाल अपिलात कोसळले होते. आयुक्ताच्या निर्णयावर मात्र अपीलच नव्हते. १९४४मध्ये त्यांचे निधन झाले, तोवर प्रमुख लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. त्याच कारणाने २०२०मध्ये सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्कारावरून त्यांचे नाव हटवण्यात आले.